आमोसचे ‘म्हणून’ आणि मलाखीचा एसाव: देवाने निवडणे म्हणजे नेमके काय?

वाटसरू (धागाकर्ता)

‘देवाने निवडलेले लोक’ हे शब्द आपल्याकडे बहुधा टोमण्यासारखे वापरले जातात. एका लहानशा जमातीने, म्हणजे इस्राएल लोकांनी, स्वतःला पहिल्या पंगतीत बसवले आणि त्यावर देवाची मोहोर उमटवून घेतली, असा त्यामागचा सूर असतो. हिब्रू संदेष्ट्यांचे ग्रंथ नीट वाचले तर हा सूर टिकत नाही, असे माझे मत आहे, आणि ते तपासले जावे म्हणून हा धागा काढत आहे.

आमोसपासून सुरुवात करतो. हा यहूदातील तकोवाचा गुराखी, उंबराच्या झाडांची निगा राखणारा. ख्रिस्तपूर्व आठव्या शतकात, दुसऱ्या यराबामाच्या भरभराटीच्या काळात, तो उत्तरेच्या इस्राएल राज्यात गेला आणि हस्तिदंती पलंगांवर लोळणाऱ्यांना त्याने देवाचे म्हणणे ऐकवले: ‘पृथ्वीवरील सर्व कुळांपैकी मी फक्त तुम्हांलाच ओळखले आहे, म्हणून तुमच्या सर्व अपराधांचे शासन मी तुम्हांला करीन.’ यातले ‘ओळखले’ म्हणजे हिब्रू ‘यादा’. आदामाने हव्वेला जाणले असे जेथे म्हटले आहे तेथेही हेच क्रियापद येते, त्यामुळे ही नुसती तोंडओळख नव्हे. परंतु वाक्याचा सारा घाव ‘म्हणून’ या शब्दात आहे. ‘म्हणून मी तुम्हांला राखीन’ असे काहीतरी ऐकण्याची श्रोत्यांनी तयारी केलेली असणार, आणि पुढे आले ते शासन. याच ग्रंथाच्या शेवटच्या अध्यायात तो आणखी पुढे जातो: इस्राएलाला मिसरातून (इजिप्तमधून) आणले तसेच पलिष्ट्यांना कफ्तोराहून आणि अरामी लोकांना कीराहून मीच आणले नाही काय, असे त्याचा देव विचारतो. ज्या सुटकेवर निवडीचा दावा उभा आहे, तशीच सुटका शेजारच्या वैऱ्यांच्याही वाट्याला आलेली आहे, हे आपल्या लोकांच्या तोंडावर सांगायला छाती लागते.

होशेय या संदेष्ट्याचा सूर निराळा आहे. त्याच्या अकराव्या अध्यायात देव आपणच एफ्राइमाला, म्हणजे उत्तरेच्या राज्याला, हाताला धरून चालायला शिकवल्याची आठवण काढतो, मग रागावतो, शिक्षा सांगतो, आणि मध्येच अडखळतो: ‘एफ्राइमा, मी तुझा त्याग कसा करू?’ हे प्रेम कमावलेले नाही, त्यामुळे ते गमावताही येत नाही. तरीही ख्रिस्तपूर्व ७२२ च्या सुमारास त्या राज्याची राजधानी शोमरोन अश्शूरांच्या (असिरियनांच्या) हाती पडलेच. लाडके असणे आणि सुरक्षित असणे या दोन गोष्टी संदेष्ट्यांनी एकमेकींपासून तोडल्या, हा माझा मुद्दा आहे.

शंकेखोर

आपण आमोस आणि होशेय निवडले आणि मलाखी या संदेष्ट्याला शिताफीने बाहेर ठेवले. मलाखीच्या पहिल्याच वचनांत लोक विचारतात, ‘तू आमच्यावर प्रीती केलीस ती कशात?’ त्यावर देवाचे उत्तर असे की एसाव हा याकोबाचा, म्हणजे इस्राएलाच्या मूळपुरुषाचा, भाऊच ना, तरी मी याकोबावर प्रीती केली आणि एसावाचा द्वेष केला. म्हणजे आपल्यावरच्या प्रेमाचा पुरावा काय, तर शेजारच्या घराची, म्हणजे एसावाच्या वंशाची, झालेली राख. दोघे जुळे भाऊ, दोघांनी अजून भले-बुरे काही केलेले नाही, आणि निकाल आईच्या पोटातच लागलेला. यात जबाबदारी कोठे आहे? हा उघड पंक्तिप्रपंच आहे.

वाटसरू

आक्षेप रास्त आहे, पण ‘द्वेष’ हा शब्द तपासायला हवा. व्यवस्थेच्या ग्रंथात, अनुवादाच्या एकविसाव्या अध्यायात, दोन बायका असलेल्या पुरुषाविषयी नियम आहे: एक ‘अहुवा’ आणि एक ‘सनुआ’. शब्दशः घेतले तर प्रेम केलेली आणि द्वेष केलेली. पण श्रावणातल्या कहाण्या ऐकत वाढलेल्या माणसाला ही जोडी लगेच ओळखू येते, या आवडती आणि नावडती. याकोबाच्या दोन बायकांपैकी लेआविषयीही हाच शब्द आहे, आणि त्याच्या आधीच्याच वाक्यात याकोबाने राहेलीवर लेआपेक्षा अधिक प्रीती केली असे म्हटले आहे. तेव्हा मलाखीचे वाक्य ‘एक आवडता, एक नावडता’ असे वाचावे लागते. शिवाय त्या काळच्या करारांच्या भाषेत प्रेम म्हणजे निष्ठा. ख्रिस्तपूर्व ६७२ मधल्या करारात अश्शूरचा राजा एसर्हद्दोन आपल्या मांडलिकांना, युवराज अश्शूरबनिपालावर स्वतःच्या जिवासारखे प्रेम करा, असे फर्मावतो.

शंकेखोर

उदाहरण आपण दिलेत, पण ते आपल्यावरच उलटते. नावडतीचे मीठ अळणी, हे आपण विसरलात काय? त्या कहाण्यांत नावडतीला गोठ्यात राहावे लागते आणि शिळेपाके खावे लागते. फरक भावनेचा नाही, वाट्याला काय येते याचा आहे. मलाखीतही एसावाचे डोंगर ओसाड होतात, त्याचे वतन रानातल्या कोल्ह्यांना मिळते, आणि त्याने पडलेले पुन्हा बांधतो म्हटले तर ‘ते बांधतील, मी पाडीन’ असे उत्तर येते. आपण सांगितलेला नियम तरी काय म्हणतो? नावडतीचा मुलगा थोरला असेल तर त्याला दुप्पट वाटा नाकारू नये. माणसाला जे बजावले, ते मलाखीचा देव स्वतः पाळत नाही.

नवगावकर

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुदी, घरातला. आमचे पूर्वज कोकणात अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले असे आम्ही परंपरेने मानतो. लोक आम्हांला शनिवार तेली म्हणत, कारण आम्ही शनिवारी घाणा बंद ठेवत असू. निवडीचा अभिमान बाळगण्याची चैन या मंडळींना कधी परवडली असेल असे मला वाटत नाही.

होशेयाच्या मुलीचे नाव येथे अजून कोणी घेतले नाही. तिचे नाव लो-रुहामा, म्हणजे जिच्यावर दया झाली नाही ती. आणि तिच्या पाठच्या भावाचे लो-अम्मी, माझे लोक नव्हेत. ‘रुहामा’ आणि ‘रहामिम’ (दया) यांचा धातू एकच, आणि ‘रेहेम’ म्हणजे गर्भाशय हा शब्दही त्याच कुळातला. मुंबईत आमच्या समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर १७९६ साली उभे राहिले, त्याचे नाव शाआर हारहामिम, दयेचे द्वार. त्या दारातून आत जाताना मला नेहमी ती मुलगी आठवते, कारण दुसऱ्या अध्यायात देव तिचे नाव फिरवतो आणि ‘लो’ काढून टाकतो.

इस्राएलात गेल्यावर १९६० च्या दशकाच्या आरंभी आमच्या लोकांच्या विवाहांसाठी धर्मपीठाने पूर्वजांची चौकशी लावली. आंदोलने झाली, आणि १९६४ मध्ये तो वाद बहुतांशी मिटला. ‘माझे लोक नव्हेत’ हे शब्द निवडलेल्यांनी निवडलेल्यांनाच ऐकवले होते. म्हणून शंकेखोर यांना मलाखीत जे खुपते ते मला परके नाही. पण योम किप्पूरच्या, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशीच्या, दुपारी, उपासाने डोके जड झालेले असताना, आम्ही योनाचा ग्रंथ वाचतो. त्यात निनवे, म्हणजे अश्शूरांचे शहर, वाचते, आणि संदेष्टा रुसून बसतो. देव त्याला विचारतो की एका रात्रीत उगवून वाळलेल्या वेलीची तुला कणव येते, मग उजवा-डावा हात न कळणारी एक लाख वीस हजारांहून अधिक माणसे आणि पुष्कळ गुरेढोरे यांची मला येऊ नये काय? ज्यांनी शोमरोन पाडले त्यांच्याविषयीचा हा प्रश्न वर्षातल्या सर्वांत पवित्र दिवशी वाचायचा असे आमच्याच पूर्वजांनी ठरवले, हेही हिशेबात धरावे.

निंबोणी

सगळे पुरुष एसावाची बाजू मांडत आहेत. होशेयाची बायको गोमर हिची कोणी मांडेल काय? वाटसरू यांनी होशेयाचा अकरावा अध्याय दिला, दुसरा दिला नाही. त्यात देव हा नवरा आहे, इस्राएल ही बायको, आणि तो बायकोला नग्न करण्याची, तहानेने मारण्याची, काट्यांचे कुंपण घालून तिची वाट अडवण्याची भाषा करतो; मग तिला रानात नेऊन गोड बोलतो. कोणत्याही पोलीस चौकीत बसलेल्या बाईला हा क्रम पाठ असतो. त्याच अध्यायातले ‘मी तुला कायमची वाग्दत्त करीन’ हे वचन यहुदी पुरुष प्रार्थनेच्या वेळी चामड्याचा पट्टा बोटाभोवती गुंडाळताना म्हणतात. सुंदर वचन आहे, पण ते कोणत्या धमक्यांनंतर येते तेही म्हणावे.

वाटसरू

हे मला मान्य करावे लागते. एवढेच सुचवतो की अकराव्या अध्यायातल्या ‘मी देव आहे, मनुष्य नव्हे’ या वाक्यात ‘मनुष्य’साठी ‘ईश’ हा शब्द आहे, आणि हिब्रूत ‘ईश’ म्हणजे नवराही. दुसऱ्या अध्यायात नवरा होऊन जे बोलला ते अकराव्यात त्यालाच पेलवेनासे झाले, आणि तो लेकराला उचलणाऱ्या पालकाच्या भाषेकडे वळला, असे मी वाचतो.

निंबोणी

आपण वाचता ते चांगले आहे, परंतु ग्रंथात तसे कबूल केलेले नाही. तिसऱ्या अध्यायात एक बाई पंधरा शेकेल रुपे आणि दीड होमेर जव देऊन विकत आणली जाते. तिचे नावसुद्धा तेथे नाही, बहुतेक वाचक ती गोमरच असे धरून चालतात. जवाचे माप नोंदले आहे. तिला परत यायचे होते काय, हे कोणी विचारल्याची नोंद नाही, आणि ‘मी माझ्या वल्लभांच्या मागे जाईन’ यासारखी तिची म्हणून जी वाक्ये आपल्याला मिळतात, तीही नवऱ्याच्याच तोंडून आलेली आहेत.