मदत हवी आहे : लाईट येताना घरी केलेल्या ओव्हरफ्लोचा सायफन तुटतो (खाऱ्या पाण्याचा माशांचा टँक)

नमस्कार मंडळी. बेळगाव, वडगावातून लिहितोय. तीन फुटी टँक आहे, ९० × ४५ × ४५ सेंटीमीटर. आत दोन क्लाउनफिश, थोडा लाइव्ह रॉक आणि एक कोळंबी. खाली कपाटात ६० × ३० चा सम्प, म्हणजे वरचं पाणी उतरतं ती टाकी; तिथून पंप ते परत वर टाकतो. टँक करून घेतला तेव्हा सम्प डोक्यातच नव्हता, त्यामुळे काचेला भोक नाही. म्हणून पीव्हीसी पाइपचा टांगता ओव्हरफ्लो (जादा पाणी काठावरून सम्पात नेणारी जोडणी) घरीच जुळवला.

दुकानदारानं "एष्टु इंच री?" विचारल्यावर मी ऐटीत दीड इंच सांगितलं. जाड पाइप म्हणजे जास्त सेफ, असा माझा हिशोब. टँकच्या आत उभा पाइप, त्याचं तोंड पाण्याच्या पातळीला, हॅक्सॉनं चिरा मारलेलं. तिथून खाली, यू घेऊन वर, काठावरून बाहेर, परत खाली जाऊन वर आला की टी (तीन तोंडांचा जोड). टीचं वरचं तोंड हवेसाठी उघडं, बाजूनं पाणी सम्पात. वरच्या वळणात ४ एमएमची नळी बसवलीय, तिनं तोंडानं हवा ओढून सायफन (पाण्यानं भरलेल्या पाइपातून काठावरून आपोआप वाहणारी धार) चालू करतो. दर वेळी घोटभर खारं पाणी पोटात जातंच.

आमच्या गल्लीत माग आहेत. लाईट गेली की सगळे एकदम गप्प होतात आणि त्या शांततेनंच जाग येते. पहिल्यांदा पाणी सांडलं ते असंच. पंपाचं पाणी वर आणणाऱ्या रिटर्न पाइपचं तोंड पाण्यात ८ सेंटीमीटर बुडालेलं होतं, पंप थांबल्यावर तिथून उलटं पाणी खाली आलं. माझ्या टँकमध्ये एक सेंटीमीटर म्हणजे चार लिटर. ३२ लिटर खाली उतरलं आणि सम्पात जागा २७ लिटरची. पाइपला पातळीच्या जरा खाली बारीक भोक पाडलं, तिथून हवा शिरून उलटी धार तुटते, तो प्रश्न मिटला. (ते भोक शेवाळानं बुजतं, दर रविवारी टाचणी फिरवतो.)

आताचं दुखणं वेगळं आहे. गेल्या आठवड्यात रात्री लाईट गेली, अडीचच्या सुमारास आली. माग सुरू झाले, मी कूस बदलून झोपलो. पहाटे आईची हाक : "अरे ऊठ, फरशी पांढरी झाल्या बघ!" पंप चालू झाला होता, पण सायफन नव्हता. सम्पातलं सुमारे ३० लिटर पाणी वर गेलं, काठापर्यंत १६ मावलं, बाकीचं स्वयंपाकघरापर्यंत. पंप कोरडा घरघरत होता. एक्स्टेन्शन बोर्ड फरशीवरच होता, थोडक्यात वाचलो.

यू तर पाण्यानं भरलेला राहतो, मग सायफन तुटतो कशानं? का सरळ टँक रिकामा करून काच कोरून घेऊ?

प्रतिसाद, निपाणी : आधी तो बोर्ड भिंतीवर चढवा आणि वायरला सॉकेटच्या खाली झोल द्या, म्हणजे थेंब वायरवरून आला तरी खालीच गळेल. मग पुढचं. पंपाचं पाणी बादलीत मोजलंय का?

मूळ लेखक : मोजलं. १० लिटरची बादली ४२ सेकंदांत भरते.

प्रतिसाद, निपाणी : म्हणजे तासाला साधारण ८५० लिटर. दीड इंची पाइपात हे पाणी सेकंदाला २१ सेंटीमीटरनंच सरकतं. खाऱ्या पाण्यात बारीक बुडबुडे फार, इतक्या संथ धारेत ते वाहून न जाता वरच्या वळणात साठत जातात. लाईट जायच्या आधीच तिथं हवेचा फुगा असणार. पंप थांबला की तो पसरतो आणि परत सुरू होताना दोन्हीकडचं पाणी जोडलंच जात नाही. एक इंची लावा, वेग सव्वादोन पट होईल, बुडबुडे ढकलले जातील. मात्र बारीक पाइपाला उतार जास्त लागतो, टी थोडी खाली घ्यावी लागेल. आतल्या यूचा तळ टीपेक्षा चांगला वीतभर खाली ठेवा, नाहीतर पंप थांबल्यावर यूच सुटेल.

प्रतिसाद, खानापूर : ४ एमएमची नळी तोंडात कशाला घेता ओ! पॉवरहेडला (टँकमध्ये बुडवायचा छोटा पंप) हवेचं नळकांडं असतं, त्याला जोडा. तो सतत हवा ओढत राहतो. पॉवरहेड मात्र पाणी उतरल्यावरही बुडालेला राहील इतका खाली लावा, नाहीतर लाईट गेल्यावर त्याच नळीतून हवा घुसेल.

आणि हे सगळं केलं तरी सायफन एक दिवस तुटणार असंच धरून चाला. सम्पात काचेची पट्टी सिलिकॉननं चिकटवून पंपाचा कप्पा वेगळा करा. त्यात १६ लिटरपेक्षा कमी पाणी बसलं की सायफन तुटला तरी वरचा टँक सांडूच शकत नाही. काच कोरणं उत्तमच, पण टँक भरलेला असताना नको. आणि टफन्ड काच असेल तर ड्रिल टेकताच चुरा.

मूळ लेखक : कप्प्याचं पटलं. २० सेंटीमीटर लांब, ३० रुंद, पट्टी २० उंच, म्हणजे १२ लिटर. सम्प गोड्या पाण्यानं धुऊन कोरडा केला, बुरशीनाशक नसलेलं सिलिकॉन लावलं, दोन दिवस तसाच ठेवला. पाइप एक इंची केला.

काल मुद्दाम पॉवरहेडची नळी काढली, वळणात हवा भरली आणि पंप लावला. टँक तीन सेंटीमीटर चढला, काठाच्या बोटभर खाली थांबला. पंप घरघरला, फरशी कोरडी. आई शेजारी फडकं घेऊनच उभी होती.

नवी भानगड एवढीच की वाफेनं उडालेल्या पाण्याची घट आता त्या एवढ्याशा कप्प्यातच दिसते. रोज सकाळी साधं आरओचं पाणी घालतोय, मीठ उडत नाही म्हणून खारं नाही. रिफ्रॅक्टोमीटरवर (खारटपणा मोजायचं यंत्र) १.०२५ टिकून आहे. दोन दिवस गावाला जायचं तर काय करता तुम्ही? फ्लोट व्हॉल्व्ह (पातळी उतरली की आपोआप पाणी सोडणारी तोटी) कुणी लावलाय का, मीठ साचून अडकतो का तो?