आर्सेनलची कार्डं: पावसाळ्यात वाकतात, आणि जुनी सिगारेट कार्डं खरी कशी ओळखायची?

निपाणी_गनर
मंडळी, दहा क्लब गोळा करण्यापेक्षा फक्त आर्सेनल (लंडनचा फुटबॉल क्लब) करायचं ठरवलंय. सध्या हाताशी मॅच अटॅक्स मालिकेची साठेक कार्डं आणि पानिनी कंपनीच्या चकचकीत प्रिझम मालिकेची बारा सुटी आहेत. प्रिझमवाली जून लागला की धनुष्यासारखी वाकतात, कडा वर उचलतात. पुस्तकाखाली दाबली की सरळ होतात, काढली की दोन दिवसांत परत तेच. दुसरं म्हणजे इंग्लंडातला एक विक्रेता १९३०च्या दशकातली नऊ सिगारेट कार्डं (सिगारेटच्या पाकिटात यायची ती) एकगठ्ठा विकायलाय, सगळी आर्सेनलची. फोटोवरून खरी-खोटी कळतात का? आणि "गिफ्ट म्हणून पाठवतो" असं तो म्हणतोय. कस्टम वाचतं का त्यानं?

खानापूर_रोड
आधी वाकण्याचं सांगतो. प्रिझम किंवा क्रोम कार्डाच्या पुढच्या अंगाला चकचकीत फिल्म असते, मागं साधा पुठ्ठा. फिल्म पाणी पीत नाही, पुठ्ठा पितो. झड लागली की पाठ फुगते आणि कडा चेहऱ्याच्या बाजूला उचलतात. डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत बरोबर उलटं होतं, मधला भाग फुगतो. पुस्तकाखाली दाबून पुठ्ठ्यातलं पाणी कुठं जाणार? इस्त्री, ऊन, हेअर ड्रायर यातलं काहीही लावू नका, फिल्मवर कायमचे वळ उठतात.

रबरी कडेचा, घट्ट बसणारा पाच लिटरचा डबा घ्या. आत छोटा डिजिटल हायग्रोमीटर (आर्द्रता मोजायचं यंत्र) आणि कापडी पुरचुंडीत ५० ग्रॅम सिलिका जेल, म्हणजे ओल शोषणारे दाणे. आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांत राहिली पाहिजे. कार्डं आधी पातळ मऊ स्लीव्हमध्ये (प्लॅस्टिकची पिशवी), मग टॉपलोडरमध्ये (वरून उघडं कडक प्लॅस्टिकचं कव्हर), आणि आडवी रचून वर हलकं वजन. तीन-चार आठवडे लागतात, रोज उघडून बघत बसू नका. आकडा ४०च्या खाली गेला तर जेल निम्मं काढा, नाहीतर कार्डं उलटी वाकतील. नारिंगी दाणे हिरवे पडले की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास तापवले की परत चालतात. निळे-गुलाबी होणारे दाणे घेऊ नका, त्यात कोबाल्ट असतं. आणि तापवायचं भांडं स्वयंपाकाचं नको.

स्लीव्हबद्दल एक. कार्ड सरकवताना कोपरा अडकून मुडपतो, म्हणून स्लीव्हच्या तोंडाचा एक कोपरा कात्रीनं तिरका छाटून घ्या. साध्या कार्डाला ३५ पॉइंटचा टॉपलोडर पुरतो (पॉइंट म्हणजे इंचाचा हजारावा भाग), जर्सीचा तुकडा असलेल्या जाड कार्डाला १३० पॉइंटचा लागतो. स्टेशनरीच्या दुकानातले मऊ, उग्र वासाचे पारदर्शक कप्पे पीव्हीसीचे असतात. त्यातलं मऊपणाचं रसायन सुटून छपाईला चिकटतं. अल्बमची कप्प्यांची पानं पॉलिप्रॉपिलीनचीच मागा. डांबरगोळ्या कपाटात सुद्धा नकोत, त्यांच्या वाफेनं काही प्लॅस्टिकं मऊ पडतात. कसर यायची भीती असेल तर डबा घट्ट आणि कोरडा ठेवणं हाच इलाज.

खडेबाजार_भिंग
सिगारेट कार्डांचं माझ्याकडून. नेहमीचं माप साधारण ६८ बाय ३६ मिमी, एका पानात दहा बसतात. प्लेयर्सचा १९२८चा, विल्सचा १९३५चा आणि चर्चमनचा १९३८चा, या सिगारेट कंपन्यांचे हे तिन्ही फुटबॉल संच ५०-५० कार्डांचे. युद्धात कागदाची टंचाई आली आणि १९४०मध्ये हा प्रकारच बंद पडला. त्यामुळं "१९४५चं सिगारेट कार्ड" म्हणून कोणी विकत असेल तर तिथंच थांबा.

पुनर्मुद्रणं भरपूर आहेत. बरीचशी उघड विकलेली, पाठीवर बारीक अक्षरात तसं छापलेली. भानगड होते ती ओळ फोटोत झाकली की. म्हणून पाठीचा पूर्ण, सरळ, चारी कडा दिसणारा फोटो मागा. अल्बममधून उपटलेल्या कार्डाची पाठ सालपटलेली असते, तीही त्यातच कळते. संचातलं पहिलं आणि पन्नासावं कार्ड जास्त झिजलेलं असणं साहजिक आहे, रबर लावून गठ्ठा ठेवला की बाहेरच्या दोघांनाच मार बसतो. तीच दोन कोरी करकरीत आणि मधली मळकी असतील तर विचारा.

कार्ड हातात आल्यावर दोन चाचण्या. सोनाराचं दहापट भिंग घ्या आणि चित्र सोडून अक्षरं बघा. अस्सल छपाईत अक्षर अखंड शाईचं असतं. स्कॅन करून छापलेलं असेल तर अक्षराच्या कडाही रंगीत ठिपक्यांत फुटतात. दुसरी, दुकानाच्या गल्ल्यावर असते ती नोटा तपासायची जांभळी बत्ती. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालायची चकाकणारी द्रव्यं युद्धानंतरच रुळली. १९३५चं कार्ड अंधारात मंद, मळकट दिसलं पाहिजे. निळंपांढरं लख्ख चमकलं तर कागद नंतरचा.

निपाणी_गनर
पाठीचे फोटो मागवले. एक शंका: १९३८ म्हणून दिलेल्या दोन कार्डांवर शर्ट पूर्ण लाल आहे, बाह्या पांढऱ्या नाहीत.

खडेबाजार_भिंग
बरोबर जागा पकडलीत. आर्सेनलचा तेव्हाचा मॅनेजर हर्बर्ट चॅपमन यानं पांढऱ्या बाह्या मार्च १९३३मध्ये आणल्या. तेव्हा पूर्ण लाल शर्ट म्हणजे बहुधा त्याआधीचं चित्र. पण एवढ्यावर खोटं ठरवू नका. कार्डासाठी जुना फोटो वापरलेला असू शकतो. कदाचित कार्ड खरंच असेल आणि विक्रेत्यानं सालच चुकवलं असेल. पाठीवर कंपनीचं आणि संचाचं नाव वाचा, मग साल ठरवा. तसंच "वूलिच आर्सेनल" छापलेलं कार्ड पहिल्या महायुद्धाच्या आधीचं धरायचं, क्लब १९१३मध्ये वूलिच भागातून हायबरीच्या मैदानावर गेला आणि त्यानंतर लवकरच नावातलं वूलिच गळालं.

१९३०च्या दशकाच्या शेवटच्या काही संचांना पाठीला तिकिटासारखा डिंक असतो. आपल्याकडच्या जुलैत तो सुटतो आणि कार्ड कप्प्याला चिकटून बसतं. अशी कार्डं पानात नकोत, प्रत्येकाला वेगळी कडक स्लीव्ह आणि वर सांगितलेल्या सिलिका जेलच्या डब्यातच मुक्काम. चिकटलंच तर ओढू नका, कप्पाच कापा.

शहापूरकर
गिफ्टचं विसरा. भेटवस्तूची करसवलत डिसेंबर २०१९मध्ये काढली. खोटं लिहून पार्सल अडकलं तर किमतीचा पुरावा द्यायला तोंड राहत नाही, आणि वाटेत हरवलं तर भरपाई मागायची कशाच्या जोरावर? खरी रक्कम लिहायला सांगा, बिल पाकिटाच्या बाहेर लावायला सांगा, कुरिअरनं केवायसी मागितलं की त्याच दिवशी भरा. कर धरून एका कार्डाला किती पडतंय ते आधी काढा. नऊ कार्डं एकाच पार्सलात आली तर टपालखर्च नऊ ठिकाणी वाटला जातो, हा गठ्ठ्याचा खरा फायदा.

पाठवणाऱ्याला बांधणी सांगा. टॉपलोडरच्या तोंडाला कागदी मास्किंग टेप, तिचं टोक दुमडून सोडलेलं. तपकिरी टेप कधीच नको, तिचा गोंद टॉपलोडरवर राहतो आणि उतरताना कार्डावर येतो. मग झिपची पिशवी, दोन्ही अंगांना कार्डापेक्षा मोठे पुठ्ठे, वर बबल पाकीट. निपाणीच्या भर पावसात पार्सल आलं तर तसंच एक दिवस घरात राहू द्या, मग उघडा.

आता वेगळं मत. सुरुवात सिगारेट कार्डांपासून करूच नका. फुटेरा कंपनीचे १९९७ ते १९९९चे आर्सेनल संच बघा, सगळा संच एकाच क्लबचा, यादी आटोपशीर, आर्सेनलचा खेळाडू बर्गकँपचा काळ. मर्लिन कंपनीच्या १९९३-९४च्या अल्बमपासून पुढं प्रीमियर लीगचे (इंग्लंडची वरची फुटबॉल लीग) स्टिकर्सही सापडतात. कार्डांत लीगचं लायसन बदलत गेलंय: २००७-०८पासून टॉप्स कंपनीचं मॅच अटॅक्स, २०१९-२०पासून पानिनी, २०२५-२६पासून परत टॉप्स. यादी करताना हे लक्षात ठेवलं नाही तर त्याच खेळाडूचं कार्ड कुठल्या नावाखाली शोधायचं तेच कळत नाही.

खानापूर_रोड
शहापूरकरांशी निम्मा सहमत. पाकिटं फोडत बसू नका एवढं मात्र नक्की. वीस क्लबांच्या संचात आर्सेनलची कार्डं किती येणार, बाकी सगळी डबल. सुटी घ्या. आणि ग्रेडिंगला (कार्डाची प्रत ठरवून डबीत बंद करून देतात ते) परदेशी पाठवायचा विचार असेल तर जाऊन-येऊन टपाल, विमा आणि कर यांचा हिशेब आधी, मॅच अटॅक्सला तर नाहीच. ग्रेड केलेलं विकत घेताना डबीवरचा क्रमांक कंपनीच्या साइटवर टाका आणि तिथला फोटो कार्डाच्या कोपऱ्यांशी जुळवा. क्रमांक खरा आणि डबी बनावट, असंही होतं.

निपाणी_गनर
डबा, हायग्रोमीटर, जेल आजच सांगितलं. विक्रेत्यानं पाठीचे सात फोटो धाडले, त्या दोन लाल शर्टवाल्यांचे सोडून.

खडेबाजार_भिंग
मग सातच घ्या.