एकाच वाटेचा चढ दोन अ‍ॅपमध्ये वेगळा का येतो? आणि कंटूर (नकाशावरच्या समान उंचीच्या रेषा) वाचायला सुरुवात कुठून करू?

निवांत_चाल:
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलाय. डोंगरातल्या एका वाटेची जीपीएक्स फाइल, म्हणजे कोणीतरी चालताना जीपीएसने नोंदवलेला ट्रॅक, मिळालीय. एका अ‍ॅपमध्ये टाकली तर एकूण चढ ९१० मीटर दाखवतंय, दुसऱ्यात १२४०. अंतर दोन्हीकडे जवळपास सारखंच. पायथा आणि माथा यांच्या उंचीत फरक ७८० चा, म्हणजे वाट मधे थोडी खाली-वर होत असणार हे धरलं तरी सव्वातीनशेच्या वर घोळ येतो कुठून? शिवाय एका ठिकाणी ट्रॅक कंटूर कापत सरळसोट वर जातो, तिथे रेषा इतक्या चिकटल्यात की एकच जाड रेघ वाटतेय. तिथे खरंच वाट असेल? निळ्या टिंबामागे मान खाली घालून चालायचा कंटाळा आलाय, नकाशा नीट वाचता यायला हवा.

रेघोट्या:
चढाचा आकडा कोणी मोजलेला नसतो हो, हिशेबाने काढलेला असतो आणि प्रत्येक अ‍ॅपचा हिशेब वेगळा. जीपीएसला आडवी जागा बरी कळते, उंची तितकी नाही, कारण सगळे सॅटेलाइट डोक्यावर, पायाखाली एकही नाही. त्यामुळे सपाटीवर उभे राहिलात तरी उंची दोन-चार मीटर वर-खाली नाचत राहते, आणि जे अ‍ॅप असा प्रत्येक हेलकावा चढ म्हणून जमा करतं त्याचा आकडा फुगतो.

तुमच्या दोन अ‍ॅपपैकी एक बहुतेक जीपीएसची उंची टाकून देऊन ट्रॅकखालच्या जमिनीची उंची तयार डेटातून उचलत असेल. फुकट अ‍ॅपमधे हा डेटा बऱ्याचदा एसआरटीएमचा, म्हणजे फेब्रुवारी २००० मधे एंडेव्हर शटलने ११ दिवसांत रडारने घेतलेला. त्यात साधारण ३० मीटरच्या चौकोनाला एकच उंची, त्यामुळे धारदार कडेची धार बोथट होते, अरुंद घळ भरून निघते, दाट झाडी असेल तर शेंड्याच्या जवळपासची उंची जमीन म्हणून येते. आता गंमत बघा, ४५ अंशाच्या उतारावर तुमची आडवी वाट (ट्रॅव्हर्स) आहे आणि ट्रॅक १० मीटर बाजूला सरकलाय, तर उंची थेट १० मीटरने चुकते. अख्खी ट्रॅव्हर्स सपाट असूनही कागदावर चढ-उतार, चढ-उतार!

म्हणून मी दोन्ही आकडे सोडून देतो आणि नकाशावर बोट ठेवून मोठे चढ-उतार स्वतः मोजतो. वेळेसाठी नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ चा नियम अजून चालतो: ५ किमीला एक तास, वर दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. वाट खराब असेल, पाठीवर ओझं असेल तर सढळ हाताने वाढवा.

सोंडेवरून:
त्या जाड रेघेबद्दल. आधी नकाशाच्या कोपऱ्यात कंटूर किती मीटरला आहे ते बघा. समजा १:५०,००० चा नकाशा आणि २० मीटरला एक रेषा. तिथे १ मिमी म्हणजे जमिनीवर ५० मीटर. दोन रेषांत १ मिमी अंतर असेल तर उतार साधारण २२ अंश, दमवेल पण चालता येईल. ०.४ मिमी झालं की ४५ अंश. रेषा एकमेकींत मिसळल्या असतील तर तो कडाच समजा.

आणि उलटंही लक्षात ठेवा, १५ मीटरचा कातळटप्पा दोन रेषांच्या मधे बिनबोभाट लपू शकतो. नकाशात दिसत नाही म्हणजे नाहीच असं नाही.

आता ट्रॅक सरळ का जातो? फाइल उघडून पॉइंट बघा. कड्याखाली सिग्नल खडकावर आपटून येतो नाहीतर तुटतोच, मग अ‍ॅप शेवटचा पॉइंट आणि पुढचा पॉइंट सरळ रेघेने जोडून मोकळं होतं. त्या रेघेवरून कोणीच चाललेलं नसतं.

शिकायला सुरुवात सोंड (डोंगराची खाली उतरत जाणारी धार) आणि ओढा ओळखण्यापासून करा. दोन्हीकडे कंटूर व्ही आकारात वळतात. व्हीचं टोक चढाकडे असेल तर ओढा, उताराकडे असेल तर सोंड. माझ्या मते बाकी सगळं याच्या नंतर. चढताना सोंडा माथ्याकडे एकत्र येतात त्यामुळे चुकलं तरी बहुतेक वेळा खपून जातं, उतरताना त्याच सोंडा फुटत जातात आणि चुकीची धरली की भलत्याच दरीत. म्हणून वर जाताना प्रत्येक फाट्यावर मागे वळून बघायचं, परतताना तो देखावा तसाच समोर येणार असतो. आणि ओढ्याने खाली उतरत गेलं की सुटका होते यावर विश्वास ठेवू नका, ओढा धबधब्यावरून उडी मारतो, आपल्याला ती मारता येत नाही.

फुलचार्ज:
एवढं कशाला, नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या, रेंज नसली तरी जीपीएस चालतंच. पॉवरबँक ठेवा, विषय संपला.

रेघोट्या:
@फुलचार्ज चालतं की, मीपण वापरतो. पण थंडीत बॅटरी अचानक झोपते आणि टिंब तुम्ही कुठे आहात एवढंच सांगतं, पुढे काय येणार ते नाही. निघण्यापूर्वी सरळ मनाशी म्हणायचं, आता डावीकडून ओढा येईल, मग खिंड, मग वाट उजवीकडे वळेल. ओढा आला नाही की थांबायचं. होकायंत्र घेतलंत तर चुंबकीय उत्तर आणि नकाशाची उत्तर यातला फरक धरा, १ अंश चुकला तर किलोमीटरमागे १७ मीटर बाजूला जाता. धुक्यात वाट चुकायला तेवढंही पुरतं.

निवांत_चाल:
@सोंडेवरून पॉइंट बघितले. त्या जागी दोन पॉइंटमधे जवळजवळ ४०० मीटरचं अंतर आहे, मधे काहीच नाही! मग खरी वाट शोधायची कशी?

सोंडेवरून:
बघा, सापडलं. त्याच वाटेचे आणखी दोन-तीन जणांचे ट्रॅक मिळवून एकावर एक टाका, जिथे सगळे एकाच पट्ट्यात वळसा घेतात तिथे वाट असण्याची शक्यता जास्त. ओपनस्ट्रीटमॅपमधे (लोकांनी मिळून बनवलेला मोफत नकाशा) ती वाट असेल तर तिच्यावर टॅप करून माहिती बघा, काही जण वाटेची अवघडता आणि ती किती ठळक दिसते तेही नोंदवतात, बरीच अ‍ॅप मात्र सगळं एकाच तुटक रेघेने काढतात. सॅटेलाइट फोटोपण बघा, फक्त कड्याची सावली वाट समजू नका. एवढं करूनही मधला तुकडा जुळला नाही तर तिथपर्यंत जाऊन परत फिरायला किती वेळ लागेल ते आधी काढा आणि तेवढा उजेड हातात ठेवूनच निघा.