प्रतिसाद: लॉब वेज घेण्याआधी बाउन्स बघा

गोल्फमध्ये ६० डिग्रीची लॉब वेज (बॉल उंच उडवणारा क्लब, म्हणजे काठी) घेतली की ग्रीनजवळचे (भोकाभोवतीच्या आखूड गवताजवळचे) शॉट सुधारतील असं वर दोघांनी लिहिलंय, मला नाही पटत. लॉफ्टबद्दल (क्लबच्या तोंडाचा तिरकेपणा, तेच ते डिग्रीचे आकडे) सगळे बोलतात पण बाउन्सचा आकडा कोणी काढलाच नाही. म्हणजे क्लबच्या तळाचा तो फुगवटा, पुढची धार जमिनीत घुसू न देणारा. १९३२ ची ब्रिटिश ओपन जिंकताना अमेरिकन गोल्फर जीन साराझेनकडे जी सँड वेज (वाळूच्या खड्ड्यातून बॉल काढायचा क्लब) होती ती त्याने हाच तळ जाड करून बनवली होती, आणि आपण दुकानात नुसतं ५६ डिग्री की ६० एवढंच विचारतो.

मी स्वतः सेकंडहँड ६० घेतली होती, बाउन्स फक्त ४, म्हणजे फुगवटा अगदी कमी. मे महिन्यात कडक जमिनीवर झकास चालली, म्हणून जुलैच्या क्लबच्या मंथली मेडल स्पर्धेला मिरवत नेली आणि पहिल्याच चिपला (जवळच्या छोट्या फटक्याला) धार चिखलात रुतली, बॉल जेमतेम हातभर पुढे. कॅडी (बॅग वाहणारा मदतनीस) हसू दाबत म्हणाला, "साहेब, फावडं झालं." पुढच्या राउंडला त्यानेच जुनी ५६, १२ बाउन्सवाली, हातात दिली आणि म्हणाला हात पुढे ढकलू नका, तळ घासू द्या. पावसाळाभर तीच वापरली. हां, नवी वेज घ्यायचीच असेल तर आधी तुमच्या सेटमधली पिचिंग वेज (वेजांमधली सगळ्यात कमी लॉफ्टची) किती डिग्रीची आहे ते बघा, हल्ली ४३-४४ ची असते, मग ती आणि ५६ यांच्यात केवढी फट राहते! तिथे ५० ची गॅप वेज जास्त कामाला येईल.