एलईडी टीव्हीवर बदकं पडतच नाहीत – गन खराब की टीव्ही?

गावभाग_सांगली: घरातला जुना टीव्ही गेम (९ पिनी सॉकेटवाला, पिवळी कॅसेट, दोन रिमोट, एक गन) ३२ इंची एलईडीला जोडलाय. मारिओ, काँट्रा झकास चालतात. डक हंटमध्ये ट्रिगर ओढला की स्क्रीन लखकन चमकतो, पण एकही बदक पडत नाही. टीव्हीला नळी लावून मारलं तरी तेच. दुकानदार म्हणतो गन बदला. खरंच बदलावी लागेल का? दुसरी विकत घेण्याआधी काय काय तपासू?

मिरज_सोल्डर: गन घेऊ नका, पैसे वाया जातील. ट्रिगर ओढल्यावर स्क्रीन चमकतो म्हणजे ट्रिगरचा स्विच, त्याची वायर आणि सॉकेट तिन्ही ठीक आहेत. अडचण टीव्हीची आहे.

गनमधून काहीच बाहेर पडत नाही, उलट तीच स्क्रीनकडं बघत असते. नळीत पुढं भिंग आणि मागं प्रकाश ओळखणारा सेन्सर. ट्रिगर ओढला की गेम एक फ्रेम (क्षणभराचं एक चित्र) पूर्ण काळी दाखवतो. पुढच्या फ्रेमला बदकाच्या जागी पांढरा चौकोन. दोन बदकं असतील तर दुसऱ्याचा चौकोन त्याच्याही पुढच्या फ्रेमला, म्हणजे उजेड कधी दिसला यावरून कुठलं बदक लागलं ते कळतं. एक फ्रेम ५० हर्ट्झला २० मिलिसेकंद, ६० ला १६.७. एलईडी टीव्ही आधी चित्रावर प्रक्रिया करतो, मग दाखवतो. तेवढ्यात गेमनं 'नेम चुकला' ठरवून टाकलेलं असतं.

शिवाय डक हंट बनवणाऱ्या निन्टेन्डोच्या मूळ झॅपर गनमध्ये एक फिल्टर आहे. जुन्या डबा टीव्हीच्या पिक्चर ट्यूबवर सेकंदाला सुमारे १५,७०० आडव्या ओळी रेखल्या जातात, तेवढ्याच वेगानं लुकलुकणारा उजेड तो आत सोडतो. एलईडी पॅनेलचा उजेड तसा लुकलुकतच नाही. म्हणून टीव्ही 'गेम मोड'ला (चित्रावरची प्रक्रिया कमी करणारी सेटिंग) टाकूनही उपयोग नाही.

कराड_रेट्रो: आधीची काळी फ्रेम कशासाठी, तर चोरी पकडायला. काळ्या फ्रेमलाच उजेड दिसला तर गेम तो नेम बाद करतो. १९७२ च्या मॅग्नाव्हॉक्स ओडिसी या टीव्ही गेमला अशी सोय नव्हती. त्याच्या रायफलला नुसता उजेड लागायचा, बल्बकडं धरली तरी शिकार! आपल्याकडच्या स्वस्त गनमध्ये फिल्टर नसला तर उलटं होतं: नळीसमोर बल्ब किंवा उघडी खिडकी आली की प्रत्येक नेम वाया.

गावभाग_सांगली: म्हणजे डबा टीव्हीच शोधायचा? घेताना काय बघू?

मिरज_सोल्डर: हो. १४ किंवा २१ इंची साधा चालतो, भंगारात अजून मिळतो. मागं पिवळं-पांढरं एव्ही सॉकेट आहे का बघा, नाहीतर आरएफनं (अँटेनाच्या सॉकेटातून) चॅनेल ट्यून करत बसावं लागेल. '१०० हर्ट्झ' लिहिलेला डबा घेऊ नका, पिक्चर ट्यूबचा असूनही तो चित्र आधी साठवतो, तिथंही बदक पडणार नाही. ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट चढवा आणि दीड-दोन मीटरवरून खेळा. तरीही नेम लागेना तर भिंगावरची धूळ कापसानं पुसा. टीव्हीचं मागचं झाकण मात्र उघडू नका, स्विच काढल्यावरही ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट राहतात.

पुरात भिजलेला डबा फुकट मिळाला तरी नको.

तासगाव_१५पिन: ॲडॅप्टर कुठला लावलाय? सेट-टॉप बॉक्सचा १२ व्होल्टचा सर्रास लावतात. गेमच्या आत ७८०५ रेग्युलेटर असतो, तो ५ व्होल्ट देतो. ९ व्होल्टचा ॲडॅप्टर असला तर त्यातले ४ व्होल्ट उष्णतेत जातात, १२ लावला की ७. थोड्या वेळात तो तापतो आणि गेम अडकतो, मग कॅसेट खराब म्हणून फेकली जाते. पिनचं प्लस-मायनस गेमच्या डब्यावर छापलेलं असतं, ते जुळवूनच लावा. निन्टेन्डोच्या मूळ फॅमिकॉम टीव्ही गेमला मधली पिन मायनस आहे.

गन दुसऱ्या सॉकेटला, रिमोट पहिल्याला. डक हंटच्या 'गेम ए'मध्ये त्या रिमोटनं दुसरा माणूस बदक हवं तसं फिरवू शकतो, हे बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं.

कराड_रेट्रो: कॅसेटच्या पिना खोडरबरानं घासा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल. फुंकर मारू नका, थुंकीनं पिना गंजतात.

नेम लागायला लागला की: पहिल्या १० राउंडला १० पैकी ६ बदकं पुरतात, ११-१२ ला ७, १३-१४ ला ८, १५ ते १९ ला ९, आणि २० पासून दहाच्या दहा. 'ए'मध्ये एका बदकाला ३ गोळ्या, 'बी'मध्ये दोन बदकांत मिळून ३. कुत्र्याला गोळी लागत नाही, उगाच प्रयत्न करू नका.

गावभाग_सांगली: ॲडॅप्टर १२ चाच निघाला, काढून ठेवला. डबा बघतो.