मोदक, यात्रा आणि मराठी ल

मोदक हा जाडजूड देवनागरी फाँट पत्रिकेच्या मजकुरात वापरला तर अक्षरं बुजून जातात, अशी तक्रार एकाने केलीय, आणि मथळ्याचे नवे फाँट नुसते शोभेचे असंही म्हटलंय. तक्रार रास्तच आहे. ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेने तो मथळ्यांसाठीच केलाय. त्याच्या अक्षरांच्या पोटात जेमतेम केसाएवढी फट असते. फलकावर ती झकास दिसते, बारा पॉइंटला गायब होते. पण म्हणून ‘मथळ्याचे नवे फाँट नुसते शोभेचे’ हे मात्र पटत नाही. यात्रा वन हा फाँट बघा. रेल्वेच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून तो घेतलाय, आणि त्यातली रोमन अक्षरंही देवनागरी बोरूच्या कोनात कापलीत. एरवी बहुतेकदा उलटंच होतं, देवनागरीच रोमनच्या वळणावर नेतात, म्हणून मला त्याचं फार अप्रूप वाटतं.

निवडताना एक गोष्ट जरूर तपासा. बऱ्याच फाँटांत ल आणि श आपोआप हिंदी वळणाचे उमटतात. मराठी वळण आत असेल तर मजकुराची भाषा मराठी ठेवल्यावर येतं. वेबपानावर त्यासाठी कोडमधल्या, भाषा सांगणाऱ्या लँग (lang) अ‍ॅट्रिब्यूटमध्ये ‘एमआर’ (mr, म्हणजे मराठी) लिहावं लागतं. मी आधी ‘कऱ्हाड’, ‘विठ्ठल’ आणि ‘कीर्तीं’ टाइप करून बघते. जाड फाँटात रफार, वेलांटी आणि अनुस्वार एकमेकांवर चढतात ते तिथेच कळतं.