मदत हवी आहे: ग्राम स्टेनमध्ये (जंतू रंगवून ओळखायच्या पद्धतीत) सगळंच गुलाबी!

रडकी_स्लाइड: तीन दिवस डोकं फिरलंय. स्टॅफिलोकोकस ऑरियस आहे, म्हणजे ग्राम पॉझिटिव्ह जंतू, जांभळाच यायला हवा. द्राक्षांसारखे घड दिसतात, पण जांभळे नाहीत, गुलाबी! परवा प्रॅक्टिकल आहे. काय चुकतंय? लवकर सांगा.

लूपवाला: डिकलरायझर (रंग धुऊन काढणारं द्रव) कुठला? किती वेळ? कल्चर (प्लेटवर वाढवलेले जंतू) किती तासांचं?

रडकी_स्लाइड: अहो, सगळं मॅन्युअलप्रमाणेच केलंय.

पेट्रीताई: मॅन्युअलात अल्कोहोल असतं आणि टेबलावर ॲसिटोन, बाळा. 95 टक्के अल्कोहोलला 10-20 सेकंद चालतात, ॲसिटोनला दोन-तीनच. स्लाइड तिरकी धर, थेंब थेंब सोड. खालून ओघळणारा जांभळा रंग थांबला रे थांबला की लगेच पाण्याखाली.

जुना_जंतू: आयोडीन बदला. बाटली उजेडात राहून फिकी पडली की क्रिस्टल व्हायोलेटला, त्या जांभळ्या रंगाला, धरून ठेवणार कोण?

लूपवाला: दर धाग्यात तुमचं आयोडीनच! आधी कल्चरचं वय कळू दे. ग्राम पॉझिटिव्ह पेशी म्हाताऱ्या झाल्या की भिंत ढासळते, रंग सुटतो, आणि शेवटचं गुलाबी सॅफ्रानिन चढतं.

लालबॅसिलस: कार्बॉल फुक्सिन वाफ येईपर्यंत तापवा, उकळू देऊ नका. मग 20 टक्के सल्फ्युरिक ॲसिड. माझ्या स्लाइड सुरेख येतात.

पेट्रीताई: ते क्षयाच्या जंतूंसाठी हो! इथे कुणी विचारलंय?

निळी_बोटं: क्रिस्टल व्हायोलेट बोटांवरून कसं काढायचं?

जुना_जंतू: ग्रामसाहेबांनी 1884 मध्ये पद्धत छापली, तेव्हा त्यात सॅफ्रानिन नव्हतंच. म्हणजे हे गुलाबी संकटही नसतं.

लूपवाला: जांभळा धुऊन गेल्यावर घडही दिसले नसते मग.

रडकी_स्लाइड: प्लेट गेल्या सोमवारची आहे, फ्रीजमधली. आणि बाटलीवर आत्ता वाचलं, ॲसिटोनच आहे. मी अर्धा मिनिट ठेवत होते...

लूपवाला: हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला काय झालं होतं?

पेट्रीताई: ओरडू नका तिला. आज ताज्या प्लेटवर जंतूंची रेघ ओढून स्ट्रीक कर, उद्या 18-24 तासांच्या आतली वाढ घे. स्मिअर (स्लाइडवरचा जंतूंचा थर) पातळ, ज्योतीवरून नुसता फिरव, भाजू नकोस. त्याच स्लाइडवर शेजारी ग्राम निगेटिव्ह ई. कोलाय लाव. तो गुलाबी आणि स्टॅफ जांभळा आला, तरच स्टेन खरा.

रडकी_स्लाइड: (दुसऱ्या दिवशी) आले! घड गर्द जांभळे, शेजारचे दांडे गुलाबी. ताई, थँक्यू! फक्त घाईत मायक्रोस्कोपच्या 40 च्या कोरड्या लेन्सला ऑइल लागलंय. कशाने पुसू?

जुना_जंतू: आयोडीन बदललंत ना?

निळी_बोटं: माझ्या बोटांचं कुणी बघणार आहे का?